उत्तरायुष्यातील एकाकीपणा : प्रतिबंधाची वेळ आणि दिशा

सारांश

वार्धक्यातील एकाकीपणाकडे सामान्यतः सोबतीचा अभाव म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात 'आपली कोणाला गरज उरली नाही' ही जाणीव त्याच्या मुळाशी असते. एकदा रुजलेला एकाकीपणा दूर करणे कठीण असते. परंतु तो ज्या वळणांवर सुरू होतो, ती बहुतांशी आधीच ठाऊक असतात. निवृत्ती, श्रवणशक्तीचा ऱ्हास, जोडीदाराचा वियोग आणि स्थलांतर या चार वळणांवर आगाऊ काय करता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले असून या संदर्भात महाविद्यालयांच्या भूमिकेचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : एकाकीपणा, उत्तरायुष्य, निवृत्ती, श्रवणदोष, सामाजिक भूमिका, प्रतिबंध

प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १०.३८ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के, तर गोव्यात ११.२ टक्के होते. केंद्र शासनाने लोकसंख्या प्रक्षेपणासाठी नेमलेल्या तांत्रिक गटाच्या अंदाजाप्रमाणे २०३६ पर्यंत देशातील ज्येष्ठांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या जवळपास जाईल. आयुर्मानातील ही वाढ वैद्यकशास्त्राची आणि सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची मोठी कमाई आहे. मात्र वाढलेली ही वर्षे कोणाच्या संगतीत आणि कोणत्या कामात जाणार, याचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला आहे.

ज्येष्ठांविषयीचे राष्ट्रीय धोरण १९९९ साली जाहीर झाले. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा संमत झाला. महाराष्ट्र शासनाने २०१३ साली राज्याचे ज्येष्ठ नागरिक धोरण जाहीर केले. या तरतुदींचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि कायद्याने निर्वाहखर्च मिळवून देता येतो, आपुलकी मिळवून देता येत नाही. पोटाची आणि औषधाची सोय झाल्यावरही जे दुःख शिल्लक राहते, त्याचा विचार वेगळ्या पद्धतीने करावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने सामाजिक संबंधांविषयी नेमलेल्या आयोगाचा अहवाल जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. जगातील सुमारे सहापैकी एक व्यक्ती एकाकीपणाने ग्रस्त असून, एकाकीपणाशी निगडित मृत्यूंची संख्या वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून अधिक आहे, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. त्यापूर्वी २०१० साली ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले होते. तीन लाखांहून अधिक व्यक्तींच्या या माहितीवरून, ज्यांचे सामाजिक संबंध दृढ असतात त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक असते, असे आढळून आले. 'मनाला लावून घेण्याचा विषय' म्हणून एकाकीपणा बाजूला सारता येणार नाही, हे यावरून स्पष्ट होते.

एकटेपणा आणि एकाकीपणा

मराठीत हे दोन शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. शास्त्रीय विवेचनात मात्र त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. एकटेपणा ही बाह्य स्थिती आहे. घरात किती माणसे आहेत, आठवड्यात किती जणांची भेट होते, हे मोजता येते. एकाकीपणा हा अनुभव आहे. माणसाला जसे संबंध हवे असतात आणि जसे संबंध प्रत्यक्षात लाभतात, त्यांतील अंतर म्हणजे एकाकीपणा, अशी त्याची सर्वमान्य व्याख्या आहे. रॉबर्ट वाइस यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात त्याचे दोन प्रकार सांगितले. जिवाभावाच्या एका व्यक्तीचा अभाव हा भावनिक एकाकीपणा; आपले म्हणावे असे वर्तुळ नसणे हा सामाजिक एकाकीपणा. पहिला प्रकार पाहुण्यांच्या गर्दीने भरून निघत नाही आणि दुसरा केवळ जोडीदाराच्या सहवासाने मिटत नाही.

मराठी रंगभूमीने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. जयवंत दळवी यांच्या 'संध्याछाया' मधील वृद्ध दांपत्य मुले दूर गेल्यामुळे एकटे पडले आहे. वि. वा. शिरवाडकर यांच्या १९७० साली रंगमंचावर आलेल्या 'नटसम्राट' मधील अप्पासाहेब बेलवलकर मात्र मुलांच्याच घरी राहतात. घर भरलेले आहे, दोन वेळचे अन्नही आहे. पण त्या घराला त्यांची गरज उरलेली नाही. आपले सर्वस्व वाटून टाकल्यावर त्यांच्यापाशी देण्याजोगे काही आहे, असे घरच्यांना वाटेनासे होते.

'संध्याछाया' मधील दुःख चटकन ओळखू येते आणि त्यावर चर्चाही होते. संख्येने अधिक असण्याची शक्यता मात्र दुसऱ्या प्रकारच्या दुःखाची आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने इतर संस्थांच्या सहकार्याने २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या वार्धक्यविषयक दीर्घकालीन पाहणीत ४५ वर्षे व त्यावरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता. या पाहणीनुसार भारतातील एकट्याने राहणारे ज्येष्ठ सुमारे ६ टक्के आहेत. उरलेले बहुसंख्य ज्येष्ठ कोणा ना कोणासोबत राहतात. एकाकीपणा म्हणजे एकटे राहणे असते, तर भारतापुरता हा प्रश्न लहान ठरला असता. तो तसा नाही, याचे कारण घरात माणसे असणे आणि त्या माणसांत आपल्याला स्थान असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

उपचारापेक्षा प्रतिबंध का?

एकाकीपणाचे स्वरूपच असे आहे की, तो स्वतःला पोसत राहतो. शिकागो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी त्याची तुलना भूक व तहान यांच्याशी केली. भूक जशी अन्नाकडे वळवते, तशी एकाकीपणाची टोचणी माणसाला माणसांकडे वळवण्यासाठी असते. परंतु ही टोचणी दीर्घकाळ टिकली की तिचा परिणाम उलटा होतो. मन सावध होते. समोरच्याच्या साध्या बोलण्यातही उपेक्षा दिसू लागते. 'फोन केला तर त्यांना त्रास होईल', 'बोलावले ते केवळ उपचार म्हणून', असे ग्रह बनतात. मग माणूस स्वतःच जाणे टाळतो, लोक बोलावणे सोडून देतात आणि मूळचा ग्रह खरा ठरतो.

ख्रिस्तोफर मासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एकाकीपणावरील उपाययोजनांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सामाजिक कौशल्ये शिकवणे, आधार देणे, भेटीगाठींच्या संधी वाढवणे आणि संबंधांविषयीचे प्रतिकूल ग्रह बदलणे असे चार मार्ग त्यांनी पडताळले. काटेकोर प्रयोगांपुरते पाहता, ग्रह बदलण्याचा मार्ग सर्वांत परिणामकारक ठरला. 'चार माणसांत बसवले की माणूस खुलेल' ही सार्वत्रिक समजूत त्यामुळे अपुरी ठरते. सभागृहात शंभर जणांसमवेत बसलेला माणूसही एकाकी असू शकतो.

या विवेचनातून प्रतिबंधाचे महत्त्व आपोआप पुढे येते. ग्रह घट्ट झाल्यावर ते सोडवण्यास प्रशिक्षित साहाय्य लागते. ते होऊ नयेत यासाठी पुष्कळदा साधी, वेळेवर केलेली कृती पुरते. त्यासाठी एकाकीपणा कोठे सुरू होतो हे पाहणे आवश्यक ठरते.

चार वळणे

(१) निवृत्ती : महाराष्ट्रातील वरिष्ठ महाविद्यालयाचा अध्यापक साठाव्या वर्षी निवृत्त होतो. निवृत्तीचा दिनांक नोकरीच्या पहिल्याच दिवशी ठरलेला असतो. तरीही तिची तयारी भविष्यनिर्वाह निधी व निवृत्तिवेतनाची कागदपत्रे यांपलीकडे क्वचितच जाते. नोकरीबरोबर वेतन संपते, त्याहून अधिक म्हणजे दिवसाची चौकट संपते. स्टाफरूममधील गप्पा, वाटेतील नमस्कार, परीक्षेच्या काळातील धावपळ हे सारे संबंध कामाच्या निमित्ताने टिकलेले असतात. निमित्त गेले की ते वर्षभरात विरतात. ज्याचे सर्व परिचय एकाच संस्थेतील असतात, त्याचे वर्तुळ एका दिवसात रिकामे होते. म्हणून पन्नाशीतच संस्थेबाहेरचे किमान एक नियमित काम व एक मित्रमंडळ उभे करणे, हा निवृत्तीच्या तयारीचा भाग मानला पाहिजे. गृहिणींच्या बाबतीत हे वळण निराळ्या रूपात येते. कागदोपत्री निवृत्ती नसते. पण स्वयंपाकघराचा ताबा पुढच्या पिढीकडे गेला की 'तुम्ही आता बसा' या प्रेमळ वाक्यानेच त्यांची भूमिका संपुष्टात येते.

(२) श्रवणशक्तीचा ऱ्हास : एकाकीपणाच्या चर्चेत कानाचा उल्लेख फारसा होत नाही. वयोमानानुसार येणाऱ्या बहिरेपणात वरच्या पट्टीचे ध्वनी आधी जातात. परिणामी 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजने निसटतात. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. अशी व्यक्ती घरातल्या दोघांच्या संवादात तग धरते, मात्र पंगतीत, बैठकीत किंवा दूरचित्रवाणी सुरू असलेल्या खोलीत तिचा धागा सुटतो. पुन्हा पुन्हा 'काय म्हणालात?' विचारण्याचा संकोच वाटून ती हसून मान डोलावू लागते. घरचेही महत्त्वाचे तेवढेच मोठ्याने सांगतात; विनोद, कुजबुज, शेजारच्या बातम्या सांगणे थांबते. संबंध ज्यावर जगतात ते हे बारीकसारीक बोलणेच असते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे नोंदवली. त्यांत श्रवणदोष आणि सामाजिक विलगता ही दोन्ही आहेत. साठीनंतर डोळ्यांप्रमाणे कानांचीही नियमित तपासणी करणे, श्रवणयंत्र लवकर स्वीकारणे, समोर बसून सावकाश बोलणे आणि बोलताना दूरचित्रवाणी बंद ठेवणे, हे कमी खर्चाचे परंतु परिणामकारक उपाय होत. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना श्रवणयंत्रादी साधने देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली, तिची माहिती गावपातळीवर पोहोचवणे हेदेखील एकाकीपणाच्या प्रतिबंधाचेच काम आहे.

(३) जोडीदाराचा वियोग : हे वळण टाळता येत नाही, त्यानंतरची विलगता टाळता येते. आपल्या समाजात विधवेच्या वाट्याला दुहेरी तोटा येतो. पती जातो आणि त्याच दिवसापासून हळदीकुंकू, ओटी, मंगलकार्ये यांतील स्थानही जाते. म्हणजे भावनिक एकाकीपणाच्या जोडीला सामाजिक एकाकीपणा रूढीने लादला जातो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड येथील ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याविषयी परिपत्रक काढले. स्त्रीच्या सन्मानाच्या दृष्टीने या ठरावाची चर्चा झाली ती योग्यच होती. शिवाय एकाकीपणाच्या प्रतिबंधाचा तो एक ठोस उपाय आहे, हेही लक्षात घ्यावयास हवे. पुरुषाची अडचण वेगळी असते. नातेवाइकांशी व शेजाऱ्यांशी संबंध पत्नीने सांभाळलेले असतात. तिच्या पश्चात ते धागे कोणाच्या हाती द्यायचे हे त्याला ठाऊक नसते. उत्तरायुष्यातील नव्या सहजीवनाचा मार्गही काहींनी खुला केला आहे. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ साली ज्येष्ठ नागरिकांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ सुरू केले. असा निर्णय घेणाऱ्यांना वारसाहक्काविषयी मुलांना वाटणारी धास्ती आणि 'या वयात हे काय' ही लोकांची प्रतिक्रिया या दोन्हींना तोंड द्यावे लागते. आर्थिक व्यवहार आधी लेखी स्पष्ट केल्यास पहिली अडचण पुष्कळ कमी होऊ शकते.

(४) स्थलांतर : 'आता गावी एकटे राहू नका' या काळजीपोटी आईवडिलांना मुंबई-पुण्यात आणले जाते. मुलाचा हेतू चांगला असतो. परंतु गावातील पार, देऊळ, भजनी मंडळ, ओळखीचा वाणी हे सारे मागे राहते आणि त्या जागी बंद दारांची सदनिका येते. परदेशी असलेल्या मुलांकडे जाणाऱ्यांची स्थिती याहून कठीण असते. अमेरिकेतील उपनगरात मोटार चालवता न येणारी व्यक्ती मुलांच्या कामाच्या वेळात घराबाहेर पडू शकत नाही. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाने ज्येष्ठांसाठी 'उत्तररंग' हा उपक्रम चालविला आहे, तो या गरजेतूनच. स्थलांतराचा निर्णय सवड असताना, हिंडण्याफिरण्याची शक्ती शाबूत असताना आणि टप्प्याटप्प्याने घेतल्यास नव्या जागी ओळखी करून घेण्यास अवधी मिळतो. आजारपणात घाईने हलवलेल्या माणसाला तो मिळत नाही.

या चारही वळणांवर एक समान गोष्ट दिसते. प्रत्येक ठिकाणी माणूस केवळ सोबत गमावत नाही. त्याच्याकडून काही मागितले जाणे थांबते.

घेणाऱ्याकडून देणाऱ्याकडे

ज्येष्ठांसाठीचे बहुतेक उपक्रम 'त्यांच्यासाठी काय करता येईल' या प्रश्नापासून सुरू होतात. 'त्यांच्याकडून काय घेता येईल' हा प्रश्न विचारला की चित्र बदलते. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या स्त्रिया गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन तेथे येऊ लागल्या. पोथी स्वतः वाचता यावी ही त्यांची इच्छा होती. साक्षरता हा त्या शाळेचा उघड हेतू. परंतु ठरलेली वेळ, ठरलेला वेश, गृहपाठ आणि तो घेणारी नातवंडे यांमुळे त्या स्त्रियांना दिवसाची चौकट व घरात बोलण्याचा नवा विषय मिळाला. त्यांच्यावर कोणी दया केली नाही. त्यांच्याकडून अभ्यासाची अपेक्षा केली. हा फरक मोलाचा आहे.

याच सूत्रावर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे 'एक्सपिरियन्स कोअर' हा उपक्रम राबवला गेला. साठ वर्षांवरील स्वयंसेवक सार्वजनिक प्राथमिक शाळांत आठवड्याला १५ तास मुलांना वाचनात साहाय्य करीत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्राथमिक अभ्यासात स्वयंसेवकांची शारीरिक हालचाल वाढल्याचे, तसेच अडचणीच्या वेळी ज्यांच्याकडे जाता येईल अशा माणसांची संख्याही वाढल्याचे दिसून आले. म्हणजे ते मुलांना वाचन शिकवण्यासाठी गेले आणि येताना माणसे जोडून आले.

प्रतिबंधासाठी तज्ज्ञांची वाट पाहावी लागत नाही, हे गोव्यातील एका प्रयोगाने दाखवून दिले. नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या, परंतु तो आजार न जडलेल्या साठ वर्षांवरील १८१ व्यक्ती त्यात सहभागी होत्या. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी त्यांपैकी एका गटाला अडचणी टप्प्याटप्प्याने सोडवण्याची रीत, झोपेच्या सवयी, मधुमेहासारख्या आजारांत घ्यावयाची काळजी आणि शासकीय योजनांचा लाभ यांविषयी साहाय्य केले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात या गटातील ४.४ टक्के व्यक्तींना नैराश्य जडले, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण १४.४ टक्के होते. नैराश्य व एकाकीपणा एक नव्हेत. तरी दोहोंचे नाते निकटचे आहे. आजार जडण्यापूर्वी, स्थानिक माणसांच्या हातून, थोड्या खर्चात प्रतिबंध साधतो, हा या प्रयोगाचा बोध एकाकीपणाच्या बाबतीतही दिशादर्शक आहे.

महाविद्यालयांची भूमिका

महाविद्यालयांचा या प्रश्नाशी दुहेरी संबंध आहे. एक तर तेथील प्रत्येक अध्यापक व कर्मचारी पहिल्या वळणाकडे वाटचाल करीत असतो. दुसरे म्हणजे शेकडो तरुणांचा वेळ व उत्साह महाविद्यालयाच्या हाती असतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक वृद्धाश्रमास भेट देतात, फळे वाटतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. वर्षातून एकदा येणारी अशी भेट पाहुण्यांना समाधान देते; यजमानांना मात्र ती आपण दयेचे विषय आहोत याचीच आठवण करून देण्याचा संभव असतो. त्याऐवजी पुढील उपक्रमांचा विचार करता येईल.

१. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्प व समाजसहभाग यांना श्रेयांक आहेत. एका विद्यार्थ्याने एकाच ज्येष्ठ व्यक्तीकडे संपूर्ण सत्रभर, ठरलेल्या वारी जाऊन गावाचा इतिहास, पीकपद्धती, ओव्या, जुने व्यवसाय अथवा पाककृती यांची नोंद करावी. यात ज्येष्ठ व्यक्ती माहिती देणारी असते आणि विद्यार्थी घेणारा.

२. निवृत्त अध्यापकांचे ग्रंथालय सदस्यत्व कायम ठेवावे आणि त्यांना वर्षातून ठरावीक काम सोपवावे. स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन, हस्तलिखितांची सूची, मागे पडलेल्या विद्यार्थ्यांचे वर्ग ही कामे सत्कारापेक्षा अधिक मानाची होत.

३. निवृत्तीपूर्वी पाच वर्षे असलेल्या अध्यापक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी वेळ, आरोग्य आणि नातेसंबंध यांच्या नियोजनाची कार्यशाळा घ्यावी. तीत जोडीदारालाही आमंत्रित करावे, कारण निवृत्तीने दोघांचाही दिनक्रम बदलतो.

४. आजीवन अध्ययन व विस्तार विभागामार्फत परिसरातील ज्येष्ठ नागरिक संघांशी संपर्क ठेवावा. राज्यातील असे संघ 'फेस्कॉम' या नावाने परिचित असलेल्या महासंघाशी जोडलेले आहेत. संघाच्या सभेला येणाऱ्यांपेक्षा येणे बंद झालेल्यांची यादी अधिक महत्त्वाची असते. सलग दोन सभांना न आलेल्या सदस्याच्या घरी कोणीतरी जाऊन यावे, इतका नियमही उपयोगी पडेल. गंभीर अडचणीत असलेल्यांना २०२१ पासून देशभर कार्यरत असलेल्या १४५६७ या साहाय्यवाणीची माहिती द्यावी.

या उपक्रमांना मोठा निधी लागत नाही. त्यांना सातत्य लागते. महिनाभर गाजलेला आणि नंतर थांबलेला उपक्रम न केलेलाच बरा, कारण दार उघडून पुन्हा बंद झाल्याचा अनुभव एकाकी माणसाच्या मनातील ग्रह पक्का करतो.

समारोप

इंग्लंडने जानेवारी २०१८ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्याकडे सोपवली. जपानने फेब्रुवारी २०२१ मध्ये तसेच केले आणि एप्रिल २०२४ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा लागू केला. भारतात कुटुंबव्यवस्था टिकून असल्याने हा प्रश्न आपला नाही, असे मानण्याकडे कल दिसतो. परंतु एकत्र राहण्याने एकाकीपणा आपोआप टळत नाही, हे वरील विवेचनावरून दिसून येते. घराने आणि संस्थांनी ज्येष्ठांची सोय पाहावी हे खरेच. त्याबरोबर त्यांच्यावर काही सोपवावे, त्यांना काही विचारावे आणि त्यांच्या उत्तराप्रमाणे एखादा निर्णय प्रत्यक्ष बदलावा, हे अधिक गरजेचे आहे. ज्याची वाट पाहिली जाते आणि ज्याच्यावाचून काही अडते, तो माणूस एकटा राहत असला तरी एकाकी होण्याची शक्यता कमी असते. ही अडण्याची जागा साठीनंतर शोधावयास लागू नये, ती त्याआधीच तयार असावी, यातच प्रतिबंधाचे मर्म आहे.